शुक्रवारचे स्कोन

आमची बिल्डिंग पाडणार, पाडणार असं मी कॉलेजात असल्यापासून ऐकत होते. शेवटी एकदाची नोटीस लागली आणि आईचा फोन आला. "माळ्यावरचं तू येऊन बघ बाई. माझे गुडघे मला वर चढू देत नाहीत, आणि तुझे बाबा वर चढले की काहीच टाकू देत नाहीत." म्हणून दोन दिवसांची रजा टाकून पनवेलला गेले. करंजाड्याचा नवा फ्लॅट तयार होता. सातवा मजला, लिफ्ट, पांढरीशुभ्र फरशी. त्यात माळाच नव्हता, त्यामुळे निम्मा संसार आपोआप निकालात निघणार होता.

माळ्यावर काय नव्हतं ते विचारा. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मान तुटलेले मावळे, बाबांच्या छत्रीची तीन हाडं, माझ्या चौथीच्या वह्या, पितळी समई कागदात गुंडाळलेली. आणि अगदी मागे, गोणपाटात बांधलेला गोल ओव्हन. अ‍ॅल्युमिनियमचा, झाकणाला मधोमध काच, वायरवर कापडी वेष्टण. गाठ सोडली, झाकण उचललं आणि वेड्यासारखं त्यात नाक घातलं. वास कसला येणार इतक्या वर्षांनी? धुळीचा आणि डांबराच्या गोळ्यांचा आला. पण डोळे मिटल्यावर नारळाचा यायला लागला, आता त्याला मी काय करू?

"हन्नाताईंचा ना?" आईने खालून विचारलं. ती शिडी धरून उभी होती.

"हो."

मी तो जपून खाली तिच्या हातात दिला.

हन्नामावशी समोर राहायची, गल्लीच्या पलीकडे, दोन खोल्यांच्या बैठ्या घरात. ती आणि एझराकाका, दोघंच. बेने इस्रायली लोक. म्हणजे आपल्या पनवेल-पेण-आपट्याकडचे ज्यू, पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारे, नऊवारीतल्या आज्यांचे फोटो भिंतीवर लावणारे. मावशी मुंबईच्या एका इस्पितळात नर्स होती, रिटायर होऊन पनवेलला आली होती. काका रेल्वेत होते. मुलगा इस्रायलला. त्याचा फोन आला की मावशी इतक्या मोठ्याने बोलायची की फोनची गरजच काय, असं बाबा म्हणायचे.

स्कोन हा चहाबरोबर खायचा इंग्रजी प्रकार मावशीने नर्सिंग शिकताना उचललेला. तिची जुनी मेट्रन म्हणे रविवारी करायची, लोणी आणि दूध घालून. मावशीने ते शिकून घेतलं आणि घरी आणून त्यातलं लोणी-दूध काढून टाकलं. कारण शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागायचा, रात्रीच्या जेवणाला मटण असायचं, आणि मटणाच्या पंगतीला दुधाचा थेंब चालायचा नाही. दूध नाही, दही नाही, लोणी नाही. जेवणानंतरचा चहासुद्धा कोरा, गवती चहाची पात घालून. मग स्कोन कशाचे? नारळाचे. "कोकणातल्या माणसाला गाय कशाला लागते?" मावशी म्हणायची. "दारात माड असला म्हणजे झालं." दारात माड नव्हता ही गोष्ट वेगळी. नारळ बाजारातून यायचे, उरणकडून येणाऱ्या एका बाईकडून. मावशी एकेक नारळ कानाशी धरून हलवायची आणि ती बाई वैतागायची. "किती हलवतंस गो? आमी वायट माल नाय आनत. पानी हाय भरपूर." मावशी तरी सात हलवून दोन घ्यायची.

गल्लीत त्या पदार्थाला धड नाव नव्हतं. बाबा त्याला 'जाडं बिस्कीट' म्हणायचे. वाण्याचा मुलगा 'मावशीचा केक'. मी मात्र 'स्कोन' म्हणायचे, अगदी ओठ गोल करून. सातवीत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते.

आता हे स्कोन आमच्या घरात कसे आले, तर लोडशेडिंगमुळे. ती वर्षंच तशी होती. वर्तमानपत्रात राशिभविष्याच्या आधी वीज जाण्याच्या वेळा बघायच्या. आमच्या गल्लीची गंमत अशी की आमची बाजू एका लाइनवर आणि समोरची दुसऱ्या. आमची वीज सकाळी जायची, त्यांची भर दुपारी दोनला जायची ती सहाला यायची. मावशीला तर स्कोन दिवस मावळायच्या आत व्हायला हवे असायचे. एकदा शब्बाथ लागला की चूल नाही, बटण नाही. पहिल्या शुक्रवारी ती ओव्हन पोटाशी धरून आमचा जिना चढली आणि दारात उभी राहून म्हणाली, "शालिनी, तासभर तुझी वीज दे गं."

आई म्हणाली, "अहो हन्नाताई, विचारताय काय? आत या."

त्या दिवसापासून दर शुक्रवारी तीन वाजता ओव्हन आमच्याकडे यायला लागला. मी शाळेतून पावणेतीनला यायचे, दप्तर टाकायचे आणि पलीकडे पळायचे. पीठ मावशीच्या घरी मळायचं, भाजायचं आमच्या घरी. मावशीच्या बोटांना संधिवात होता. सकाळी मूठसुद्धा वळायची नाही. म्हणून हात माझे आणि तोंड तिचं.

अजूनही त्या ओट्यापाशी उभी आहे असं वाटतं. खिडकीतून उन्हाची एक पट्टी परातीवर पडलेली. गॅसवर मटण मंद शिजतंय, त्याचा वास आम्हां शाकाहारी लोकांना खरं तर नको व्हायला हवा, पण मला कधी झाला नाही. हिरवी मिरची, कोथिंबीर, नारळ असा वास असायचा तो. पंखा बंद, घामाची धार कानामागून चाललेली. नारळाचं घट्ट दूध मावशी आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवायची, त्यावर सकाळपर्यंत साईसारखा जाड थर धरायचा. तो थर मैद्यात घालून बोटांच्या टोकांनी चोळायचा. "तळवा लावू नकोस, तळवा गरम असतो," मावशी स्टुलावर बसून सांगायची. "रवा झाला पाहिजे. रवा झाला का? दाखव." मग बेकिंग पावडर, चिमूट मीठ, साखर, मूठभर मनुका, आणि उरलेल्या दुधात लिंबाचे चार थेंब. ते दूध थोडंसं फुटायचं, आंबूस वास यायचा. सगळं भराभर गोळा करायचं. "पोळीची कणीक नाही ही, तिला मारू नकोस. गोळा झाला की सोड तिला." बोटभर जाड थापून स्टीलच्या पेल्याने गोल पाडायचे. पेला सरळ खाली, सरळ वर. फिरवला की मावशीची चापट.

वरून रंग यावा म्हणून मेट्रन म्हणे अंडं लावायची. मावशीही आधी लावायची. पण ओव्हन आमच्याकडे यायला लागला त्या पहिल्याच शुक्रवारी तिने अंड्याची वाटी बाजूला सारली आणि गूळ पाण्यात विरघळवला. "तुमच्या घरात अंडं नको यायला," एवढंच म्हणाली. आम्ही काही सांगितलं नव्हतं. गुळाच्या पाण्याने रंग येतो, पण अंड्याची चकाकी येत नाही. ती चकाकी तिने आमच्यासाठी सोडली.

मग ताट घेऊन गल्ली ओलांडायची. आमच्या घरी ओव्हन तापत असायचा. बावीस मिनिटं. दहाव्या मिनिटाला वास सुटायचा आणि जिन्यावरून जाणारा प्रत्येक माणूस "आज शुक्रवार का?" असं विचारायचा. मावशी तोवर पलीकडे मटणाकडे बघायला जायची. अर्धे आमच्यासाठी, अर्धे तिकडे, असा ठरलेला हिशेब. आई ते काढून फडक्यात गुंडाळून डब्यात भरायची आणि मी तो गरम डबा छातीशी धरून पलीकडे न्यायचे.

सुरुवातीचे माझे स्कोन दगड व्हायचे, खोटं कशाला बोलू? काका एक तोडायचे, मावशीकडे बघायचे आणि कोऱ्या चहात बुडवून ठेवायचे. पण त्या दिवाळीनंतर काहीतरी जमलं. एका शनिवारी सकाळी मावशी आमच्या खिडकीखाली येऊन ओरडली, "पोरी! काल काय केलंस गं? लोण्यासारखे झाले होते!" त्याच्या पुढच्या शुक्रवारी पुन्हा तसेच. काका म्हणाले, "हन्ना, ही तुझ्याही पुढे गेली." मावशीने माझा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "हात बसला पोरीचा."

मला आकाश ठेंगणं झालं. अभ्यासात मी मधली, गाण्यात गळा नाही, धावण्यात शेवटून दुसरी. पण स्कोनमध्ये माझा हात बसला होता. शाळेत बाई म्हणाल्या छंदावर निबंध लिहा, मी चार पानं लिहिली. आरशासमोर उभी राहून स्वतःच्या बोटांकडे बघायचे. आता आठवलं की हसू येतं.

तर एका शुक्रवारी झालं असं की मी डबा न घेताच पलीकडे पळाले होते, मावशीला हाक मारायला, आणि मध्येच आठवण होऊन परत आले. दार लोटलेलं. आई ओट्यापाशी उभी. स्कोन ताटात वाफाळत होते आणि आई काट्याने एकेकाला टोचून, चमच्याने त्यावर साजूक तूप सोडत होती. तूप हळूहळू आत जिरत होतं. किती मन लावून करत होती! बाळाच्या टाळूवर तेल घालतात तशी.

"आई, हे काय करतेस?"

"काही नाही गं. चमचाभर तूप."

"कशाला?"

"अगं, कोरडं कसं पाठवायचं दुसऱ्याच्या घरी? अन्नशुद्धी म्हणून घालते."

आमच्याकडे भातावर तूप वाढल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही. त्या तुपाला अन्नशुद्धीच म्हणतात. तूप पडलं की अन्न शुद्ध झालं, मग जेवा. आई हेच बघत मोठी झालेली.

"आई, त्यांच्याकडे आज मटण आहे! मटणाबरोबर दुधाचं चालत नाही त्यांना. मावशीने किती वेळा सांगितलंय!"

"दूध चालत नाही हे ठाऊक आहे मला," आई शांतपणे म्हणाली. "दूध कुठे घातलंय मी? तूप आहे हे. कढवलेलं. अग्नीतून गेलेलं. त्याच्याइतकं शुद्ध जगात काही नाही."

"तूप दुधाचंच असतं ना!"

"मग तू पण दुधाचीच आहेस. जा, डबा ने. गार होतील."

मी डबा उचलला. आणि मग डोक्यात लख्ख पडलं. "आई, कधीपासून घालतेस?"

"दिवाळीपासून असेल. दिवाळीचं तूप उरलं होतं ना." आणि मग जरा लाजून, "मऊ होतात की नाही? एझरावहिनी तुझं केवढं कौतुक करतात!" गडबडीत तिने मावशीला वहिनी करून टाकलं, इतकी ती खुशीत होती.

म्हणजे हात बसलाच नव्हता. सगळं तूप होतं.

मी डबा घेऊन गेले. हो, नेला मी तो. रस्त्याच्या मध्ये उभी राहिले, एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली, आणि पुढे जाऊन मावशीच्या हातात दिला. काही बोलले नाही. त्या घरातल्या दोन नाकांबद्दलही सांगायला हवं: मावशीचं नाक चाळीस वर्षं फिनाईल हुंगून गेलेलं आणि काकांचं तपकिरीने. कळणार कसं कुणाला? त्यांना फक्त मऊ लागत होतं, आणि ते माझं नाव घेत होते.

पुढच्या शुक्रवारी आईला म्हटलं, तूप नको घालूस. तिने ऐकलं, तोंड वाकडं करून. शनिवारी मावशी म्हणाली, "काल काय झालं गं? लक्ष कुठे होतं? पुन्हा दगड." तिने ते हसून म्हटलं, पण मी रात्रभर उशीत तोंड खुपसून रडले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आई तुपाचं भांडं घेऊन ओट्याशी आली आणि तिने माझ्याकडे बघितलं. मी गॅलरीत गेले. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे मोजत उभी राहिले. परत आले तेव्हा डबा भरलेला होता. तो पहिला डबा धरून असे तीन शुक्रवार गेले. आईला खरंच कळलं नव्हतं. मला कळलं होतं.

मग माझा वाढदिवस आला. मावशी केक घेऊन आली, बिनअंड्याचा, नारळाच्या दुधातला. आईच्या हातात डबा देताना म्हणाली, "शालिनी, निर्धास्त खा हो. डबा नवा आणलाय. पेला नवा, चमचा नवा. याला अंड्याचा हात लागलेला नाही." आणि तिने खरंच डब्यावरची दुकानाची चिकटपट्टी दाखवली, अजून निघाली नव्हती पुरती.

मावशी गेल्यावर आईने केकचा तुकडा माझ्या तोंडासमोर धरला. मी ढसाढसा रडायलाच लागले.

"अगं, काय झालं?"

"आई, तिने ह्यात गुपचूप अंडं घातलं असतं तर? छान फुगावा म्हणून? आपल्यावरच्या मायेने?"

आईचा हात तसाच राहिला. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्या डब्यावरच्या चिकटपट्टीकडे. तिच्या तोंडावरचा रंग उतरताना मी बघितला. "अगं बाई," ती म्हणाली. "अगं बाई गं." तुकडा तिने ताटलीत ठेवला, पदर खांद्यावरून घेतला, चपला घातल्या. मी मागोमाग गेले.

आईने आडपडदा ठेवला नाही. दारातच उभी राहून सगळं सांगितलं, दिवाळीपासूनचं. "चूक झाली, हन्नाताई. मला वाटलं, तूप म्हणजे पवित्रच. मला कळलं नाही हो." मग मी बोलले. म्हटलं, "मावशी, मला तीन शुक्रवार ठाऊक होतं."

आई बोलत होती तोवर मावशीचा चेहरा नर्सचा होता, ऐकून घेणारा. माझं ऐकल्यावर तो बदलला. "तू पण?" ती म्हणाली. बस्स, एवढंच. त्याच्याइतकं मला पुढे आयुष्यात कुणाचं लागलं नाही, आणि नंतर पुष्कळांनी पुष्कळ बोलून घेतलं.

काका खुर्चीतून म्हणाले, "हन्ना, आपल्याला ठाऊक नव्हतं. देवाला ठाऊक आहे, आपल्याला ठाऊक नव्हतं."

"तुम्हाला नव्हतं," मावशी म्हणाली. "घर माझ्यावर सोडलं होतं ना आईंनी." आई म्हणजे तिची सासू, भिंतीवरच्या फोटोतली नऊवारीवाली. मग ती उठली, मोठं पातेलं घेतलं, पाणी भरून गॅसवर ठेवलं आणि शुक्रवारच्या ताटल्या एकेक करून त्यात सोडायला लागली, तुपाचा अंश उकळून काढायला. आमच्याकडे तिने वळून बघितलं नाही. आम्ही थोडा वेळ उभ्या राहिलो आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी आमचा फडक्यातला डबा परत आला. घासूनपुसून लख्ख, आणि रिकामा. भांडं रिकामं परत करायचं नसतं हे मावशीला काय आम्ही सांगायचं? एरवी चार फुटाणे, लिंबू, कढीपत्त्याची काडी, काहीतरी घातल्याशिवाय तिने कधी डबा धाडला नव्हता. आईने तो उघडला, आत बघितलं आणि फळीवर ठेवून दिला.

त्यानंतरच्या शुक्रवारी तीनला कुणी जिना चढलं नाही. त्याच्या नंतरच्याही. समोर वीज गेलेली, आमच्याकडे आलेली, आणि आमच्या ओट्यावरची ओव्हनची जागा रिकामी. मी शाळेतून येऊन खिडकीत बसायचे. मावशी दिसायची, नारळ घेऊन येताना, कपडे वाळत घालताना. बोलणं तुटलं नव्हतं, तसं म्हणता येणार नाही. "शाळा काय म्हणते?" असं विचारायची. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं. जिन्यावरचे लोक काही दिवस विचारत राहिले, "आज शुक्रवार ना? वास नाही आला." मग त्यांनीही सोडलं.

आईने त्या काळात एक गोष्ट केली, कुणाला न सांगता. स्वतःच्या भातावर तूप घेणं बंद केलं. बाबांना वाढायची, मला वाढायची, आणि स्वतः नुसता वरण-भात कालवून उठायची. बाबा एकदा म्हणाले, "हे काय नवीन?" तर म्हणाली, "जड होतं."

कितीतरी शुक्रवार गेले असे. उन्हाळा आला, करवंदं आली, गाढी नदीचं पात्र कोरडं पडलं. मग गल्लीत बातमी फिरली की एझराकाका आणि हन्नामावशी मुलाकडे चालले, कायमचे. समोरच्या घरातून एकेक वस्तू निघायला लागली. लोखंडी पलंग गेला, कपाट गेलं, टेबलफॅन गेला. भिंतीवरचे फोटो उतरले आणि त्यांच्या जागी फिकट चौकोन राहिले. मला वाटलं, ही आता अशीच जाणार, न रागावता, न बोलता, आणि आमच्या घरचा घास पुन्हा कधी तिच्या तोंडात जाणार नाही. आईलाही तेच वाटत असणार. ती खिडकीशी उभी राहायची आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायची.

जाण्याच्या आधीच्या गुरुवारी दारावर थाप पडली. मावशी. पोटाशी ओव्हन, धापा टाकत.

"हा इथे राहू दे," ती म्हणाली. "विमानात नाही नेता येत." ओट्यावर त्याच्याच जुन्या जागी तो ठेवला. मग पिशवीतून दोन नारळ काढून त्याच्या शेजारी ठेवले. "शालिनी, उद्या आमचा इथला शेवटचा शुक्रवार. माझी परात गेली, पेला गेला, सगळं वाटलं. मटणाचं एक पातेलं तेवढं ठेवलंय. उद्याचे स्कोन तू कर."

आई म्हणाली, "मी?"

"तूच. पीठ पण तूच मळ. मी यायची नाही बघायला."

का केलं तिने असं, मला ठाऊक नाही. मी तेव्हा विचारलं नाही, नंतर फोनवर विचारण्यासारखं ते नव्हतं. आता मावशीही नाही, काकाही नाहीत.

त्या शुक्रवारी आई पहाटे उठली. डोक्यावरून न्हाली. बाबांना बाजारात पाठवून नवी परात, नवा पेला, नवा चमचा, नवा डबा आणवला. तुपाचं भांडं फळीवरून काढून शेजारच्यांकडे नेऊन ठेवलं, "संध्याकाळी नेते" म्हणून. ओटा तिने राखेने घासला, मग साबणाने, मग नुसत्या पाण्याने. हात तर इतक्या वेळा धुतले की बोटांना सुरकुत्या पडल्या. मला म्हणाली, "तू नुसतं सांग. शिवू नकोस कशाला." मी स्टुलावर बसले आणि मावशीसारखं बोलत राहिले. तळवा लावू नकोस. रवा झाला का? दाखव. पेला फिरवू नकोस. पोळ्या लाटून लाटून आईचा हात जोरकस झालेला. तिने ती कणीक मारली, चांगली तिंबली. मी सांगत होते तरी. भीतीने माणूस जास्तच मळतं बहुतेक. बावीस मिनिटांनी ते बाहेर आले, गुळाच्या रंगाचे, जेमतेम फुगलेले. आईने एकदा सवयीने तुपाच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, आणि डबा भरला.

दिवेलागणीनंतर तासाभराने आम्हाला बोलावणं आलं. आम्ही गेलो तेव्हा त्यांचं जेवण नुकतंच झालं होतं. खोली रिकामी, बोललं की घुमायचं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून दोन ताटल्या, त्यात मटणाची हाडं. शेजारी तेलाचा दिवा, कोऱ्या चहाचे दोन कप, आणि मध्ये आमचा डबा, अजून न उघडलेला. काकांनी मला जवळ बसवलं. आई दारातच उभी राहिली, चौकटीला धरून.

मावशीने झाकण काढलं. आता ती विचारणार, असं मला वाटलं. एवढं तरी विचारेलच, काही घातलं नाहीस ना? तिचा हक्कच होता. तिने विचारलं नाही. वास घेतला नाही, मोडून आत बघितलं नाही. मटणाच्या ताटलीशेजारी बसून एक स्कोन उचलला, ओठ हलवून काहीतरी पुटपुटली आणि सरळ दातांखाली धरला.

कडकन आवाज आला.

मावशी चावत राहिली. चावत राहिली. काकांनी हळूच आपला चहात बुडवला. शेवटी तिने घास गिळला आणि आईकडे बघितलं.

"कडक झालेत गं, शालिनी."

आईला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पदराने ती ना हसू पुसू शकत होती ना रडू. "कडकच होणार हो, हन्नाताई," ती म्हणाली. "काही म्हणजे काही घातलेलं नाही."

"कळतंय ना दातांना," मावशी म्हणाली, आणि तिने दुसरा उचलला.